बगदादची चादर आणि यात्रेचा नारळ

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून. पण चाकणच्या बाजारात लहान-मोठा कांदा निवडायची जी मशीनं फिरताना दिसतात, त्यातली बरीच माझ्या शेडमधून गेलेली आहेत. फुशारकी मारत नाही, जाऊन बघा. असंच एक चालू मशीन बघून इराकचा खजुराचा व्यापारी माझ्या दारात आला. म्हणाला, हेच मला खजुरासाठी करून द्या. आम्ही जाळ्या बारीक केल्या, रोलरवर मऊ रबर चढवलं आणि मशीन बोटीनं धाडलं. माझा नियम एकच. मशीन नुसतं विकायचं नाही, जागेवर बसवून, चालवून दाखवायचं. मग ती जागा राजगुरुनगरला असो नाहीतर बगदादला.

बगदादचं नाव ऐकलं आणि माझा वेल्डर मिस्त्री डोळ्यावरची काच वर करून उभा राहिला. मूळचा लातूरकडचा, आता थेरगावला राहतो. शेडवर पत्रे नव्हते तेव्हापासून माझ्यासोबत आहे. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"शेठ, मला न्या. तिथं पीरसाहेबांचा दर्गा हाय. माझ्या बापाची लई इच्छा होती, राहून गेली."

मी म्हटलं, "तुला तसाही नेणारच होतो. तिथं बोलायला माणूस पायजे. तुला अरबी येतंय न्हवं?"

"वाचता येतं. कळत न्हाई."

"मग तुझ्यात आन् माझ्यात फरक काय रं?"

"मी न कळता बरोबर वाचतो, शेठ. तुम्ही न कळता चुकीचं वाचता."

सगळी शेड हसली. मीही हसलो.

त्या देशात कधी काय होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तयारी दांडगी चालली. मिस्त्रीचा पासपोर्ट झाला. पाने, हातोडी, मापाची पट्टी कुठल्या बॅगेत घालायची, यावरून माझी आणि लेकाची जुंपली. लेकानं आम्हा दोघांना समोर बसवून पाठ करून घेतलं. अंधार पडल्यावर बाहेर पडायचं नाही. लष्कराच्या नाक्यावर फोटो काढायचा नाही. कुणाशी हुज्जत घालायची नाही.

"यांना शेवटचं तेवढं दोनदा सांग," आमची मंडळी आतून म्हणाली. "बाकीचं न्हाई सांगितलं तरी चालंल." तिला हे जाणं अजिबात पसंत नव्हतं. तरी शेंगदाण्याची चटणी कुटत होती. रागात कुटली की ती चांगली होते.

मिस्त्रीच्या बायकोनं हिरव्या चादरीला चारी बाजूंनी सोनेरी गोट शिवली. व्यापाऱ्यानं कबूल केलं होतं, मशीन चालू झालं की एक दिवस गाडी देतो, दर्ग्यावर जाऊन या. मिस्त्रीनं ती चादर कागदात गुंडाळून शेडमधल्या आपल्या कपाटात ठेवली. घरी नातवंडं हात लावतात म्हणे.

आणि मग व्यापाऱ्याचा फोन आला. लेकानं मला सांगितलं, "अण्णा, तो म्हणतोय सध्या शांत हाय, याच आठवड्यात या. पुढचं काय सांगता येत न्हाई. तिकिटं काढू?"

त्याच आठवड्यात गावची यात्रा होती. पालखी देवळाबाहेर निघाली की पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा. माझ्या बापानं फोडला, त्याच्या बापानं फोडला. मी नसलो तर चुलतभाऊ फोडणार. आमच्या भावकीत एकदा गेलेला मान परत येत नाही.

"यात्रा झाल्यावर," मी म्हणालो.

"अण्णा, नारळासाठी?"

"नारळासाठीच."

लेक तणतणत निघून गेला. मी मिस्त्रीकडे बघितलं. तो एक शब्द वाकडा बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "उरकू द्या यात्रा, शेठ. पीर कुठं पळून चाललाय?"

यात्रा झाली. फेटा बांधून मी नारळ फोडला. चुलतभावाचं तोंड बघण्यासारखं होतं. शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळाले, आम्ही सगळे जेवलो, मिस्त्रीही जेवला. आणि तिकिटं काढायच्या आतच टीव्हीवर क्षेपणास्त्रं दिसायला लागली. इराकच्या वरचं आभाळ विमानांना बंद झालं.

पुढं कधीतरी ते उघडलं. पण खजुराचा हंगाम थांबत नाही. व्यापाऱ्याच्या माणसांनी आमच्या लेकाला व्हिडिओ फोनवर समोर धरलं आणि तो सांगेल तसं मशीन बसवून टाकलं. चाललंसुद्धा. लेकानं मला दाखवलं. पट्ट्यावरून खजूर पळत होता. मी म्हणालो, "बेल्ट जरा ढिला हाय." पण फोन तिकडून कधीच बंद झाला होता.

आता जायला काही कारणच उरलं नाही. मी मिस्त्रीला म्हणालो, "आभाळ मोकळं हाय तवर तू जाऊन ये. खर्च माझा."

"न्हाई शेठ. कामाला गेलो असतो तर माझ्या हातच्या कमाईचं जाणं होतं. हे दान झालं."

मी पुन्हा विषय काढला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. आता त्याच्या डोळ्यांना वेल्डिंगचा बारीक टाका नीट दिसत नाही, तो फक्त मोठी कामं करतो. हातमोजे काढायला कपाट उघडतो तेव्हा वरच्या फळीवर कागदाची गुंडाळी दिसते. मी तिकडं बघत नाही म्हणतो, पण बघतो.

माझं चुकलं असं मी कुणापुढं म्हणणार नाही. मान हा मान असतो. पण यंदाच्या यात्रेत पालखी देवळाच्या दारात आली, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी हातातला नारळ चुलतभावाच्या हातात दिला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गुडघा धरला असंल. त्यानं एका दणक्यात फोडला. पाणी तसंच उडालं, वाजंत्री तशीच वाजली, पालखी तशीच पुढं गेली.

मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. खोबऱ्याचा तुकडा त्याच्याकडे आला. त्यानं तो मोडून अर्धा मला दिला, अर्धा तोंडात टाकला.

"गोड हाय," म्हणाला.