दारासमोरची तसबीर

धंदा आपणच काढला, की चुकलं तर बोट दाखवायला दुसरं कोणी राहत नाही. मी पापडांचा काढला होता, नागपुरात, नंदनवनाकडच्या आमच्या दोन खोल्यांत. सत्तरच्या पुढचा काळ, महागाईनं सगळे पोळलेले. वस्तीतल्या बायका माझ्याकडे लाटायला यायच्या. त्यांच्या चुली त्यावरच. शाळा मी पाहिली नाही, म्हणून काही ठरवायचं म्हटलं की मी चारजणींना विचारत बसायची.

इतवारी बाजारातल्या एका शेठजींना माल आवडला. कायमचा घेतो म्हणाले. मग हळूच म्हणाले, "बाई, माझा मुनीम जागा पाहून जाईल. भिंतीवर लक्ष्मी लावून ठेवा. गिऱ्हाईक विचारते ना, कोणाच्या हातचे पापड!"

आमच्या दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. दीक्षा घेतली त्या वर्षी सासऱ्यांनी लावलेली. सुमन म्हणून एक लाटणारी होती, नवरा गेलेली, जिभेची तिखट. ती म्हणाली, "काहून एवढा विचार करून राहिली वं? भगवान समजून घेतील. मुनीम थोडीच घेईल!"

मी विहारात जाऊन बसले. आमच्यात नवस नाही, कौल नाही. मागायचं तरी कसं? तशीच परतले.

मुनीम यायच्या दुपारी स्टुलावर चढले. तसबिरीला हात लावला, तोच दारात एक म्हातारी. उन्हानं करपलेली, ओळख ना पाळख. तिनं आधी तसबिरीला हात जोडले. "पाणी दे वं माय. वरच्या गल्लीत मागायची हिंमत नाही झाली. हा फोटो दिसला, म्हटलं, घर आपलं हाय."

तसबीर तशीच ठेवून मी खाली उतरले, पाणी दिलं. पुन्हा ती कधी दिसली नाही.

मुनीम आला, भिंत पाहिली, पापडाला हातही न लावता गेला. शेठजींकडून नंतर काही निरोप नाही. मोठं गिऱ्हाईक गेलं, बायकांना पुरेल एवढं काम उरलं नाही; सुमन धुणीभांड्याला लागली. जाताना म्हणाली, "तुह्या घरी लोकायले पाणी भेटलं, माही चूल गेली."

 मी टोपली घेऊन आपल्याच वस्त्यांत पापड विकले. घर चाललं, मनातला कारखाना काही झाला नाही. चमत्कार घडला असं मी म्हणत नाही; तहानलेली बाई दारात आली, एवढंच. पण माझा हात वेळेवर कोणीतरी धरला, हे मी मानते. शरण गेलं की ओझं उतरतं म्हणतात. माझं उतरलं नाही, उचलायचं बळ तेवढं आलं.

म्हातारी आली त्या दिवसापासून दाराशी माठ ठेवते. सुमन कामावरून परतताना पाणी प्यायची, माझ्याशी न बोलता. मी आतून तिला हात जोडायची.