जावयाचे थेंब

बोईसर स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर होतो. शिक्षण म्हणाल तर बी.एस्सी. नापास, तेही दोनदा. पण काउंटरपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला ते कुठे ठाऊक! पाळी सुटली की कारखान्यांतले कामगार यायचे. "डॉक्टरसाब, आँख में कुछ गया है." मी पापणी उलटून बघायचो, भुवया आकसून "हं" म्हणायचो आणि एक बुटकी बाटली पुढे सरकवायचो. त्या थेंबांत स्टिरॉइड असतं हे मला माहीत होतं. स्टिरॉइड काय काय करतं, ते लेबलावर लिहिलेलं नव्हतं. थेंब घातले की लाली उतरायची, ठणका थांबायचा, आणि दुसऱ्या दिवशी माणूस हात जोडायला हजर. जे आले नाहीत त्यांचं काय झालं, याची चौकशी मी कधी केली नाही. उगाच धंद्याला अपशकुन.

ही कीर्ती सासुरवाडीला, पाम गावात, मीच पोचवली. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. त्यांची नारळ-केळीची वाडी आणि खाली थोडं भात. उजवा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. सगळा कारभार डाव्यावर. त्या एका डोळ्याने ते नारळ पारखायचे, माशाचे कल्ले तपासायचे आणि जावई किती वाढून घेतो तेही बघायचे.

एका दिवाळीच्या आसपास भातकापणी चालू होती. वाकून मूठ धरताना भाताचं पातं नेमकं त्या डाव्या डोळ्याला चाटून गेलं. माझी बायको माहेरीच होती. तिने डोळ्यावर स्वच्छ पाण्याचे हबके मारायला लावले आणि पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची तयारी केली. सगळं अगदी बरोबर चाललं होतं. तेवढ्यात मी पोचलो.

"पालघर कशाला? मी आहे ना," मी म्हणालो.

"तुम्ही दुकानात असता," बायको म्हणाली. "दवाखान्यात नाही."

मामा दुखता डोळा मिटून हसले. "अगो, जावई तो जावई, वर डॉक्टर. दोन कामं एका माणसात हायत. घाला जावई, काय घालायचं ते."

मी घातलं. संध्याकाळी ठणका गेला. तिसऱ्या दिवशी मामा विळा घेऊन पुन्हा शेतात, आणि गावभर एकच गजर, "जावयानं हात फिरवला नि डोळा बरा!" रविवारी माझ्यासाठी पापलेट केलं. मी दोन खाल्ली. मी जेवत होतो तेव्हा मामांच्या बुबुळात बुरशीही जेवत होती. भाताच्या पात्यावरची बुरशी ओरखड्यातून आत शिरते. डोळा लाल होतो, दुखतो, कारण शरीर तिच्याशी भांडत असतं. माझ्या थेंबांनी बुरशी नाही, भांडण थांबवलं.

दहाव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला.

"आता तरी नेऊ या," बायको म्हणाली.

"खपली धरतेय. जखम भरत आली की होतं तसं," मी म्हणालो, आणि थेंब दिवसातून तीनऐवजी सहा वेळा घालायला सांगितले. बुबुळावर खपली धरत नसते, हे मला ठाऊक नव्हतं. सांगताना आवाज मात्र जराही हलला नाही.

आणखी पाच दिवसांनी, भर दुपारी, मामा ओटीवरून म्हणाले, "आज आभाळ भरलंय काय गो?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

पालघरच्या डॉक्टरांनी यंत्रातून डोळा बघितला आणि विचारलं, "यात काय घातलंत?"

"साधं बोरिकचं पाणी," मी म्हणालो.

पण मामांना अभिमान होता ना! त्यांनी कनवटीची बाटली काढून चाचपडत डॉक्टरांपुढे धरली. "बोरिक नाय, हे घ्या. आमच्या जावयांचं औषध. तुमच्याकडे तरी हाय का असलं?"

डॉक्टरांनी लेबल वाचलं. "तुम्ही कुठे शिकलात?"

मी दुकानाचं नाव सांगितलं.

"पातं लागलं त्याच दिवशी नुसता धुऊन, काही न घालता इथे आणला असता," ते म्हणाले, "तर डोळा वाचण्याची आशा होती. काही न घालता. कळलं?"

"मग आता ह्याचीच मोठी बाटली देणार काय?" मामांनी विचारलं.

बायकोने ती बाटली उचलली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

बरेच आठवडे औषधं चालली. बुरशी मेली, बुबुळ उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखं पांढरं झालं. उजेड आणि सावली, एवढंच उरलं. चिठ्ठीशिवाय ती बाटली विकायची नाही, असं मी पालघरहून परतलो त्याच आठवड्यात ठरवलं. पाळायला आणखी वर्ष लागलं.

मामा मला घरातून हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही, उलट जवळ बसवून घेतलं. पाहुणा आला की ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. डोळ्यांचे मोठे डॉक्टर. हे बघा, हा डोळा ह्यांनीच केलाय." पाहुणा गोंधळून हसायचा. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो, नाहीतर मामा तीच ओळख पुन्हा करून द्यायचे. कापणीला येणाऱ्या बायामाणसांना साध्या काचेचे चष्मे आणून द्यायचं काम माझ्याकडे आलं. "शेतात काय शिनेमा हाय?" म्हणून बाया खिदळायच्या. "घाला गो," मामा ओरडायचे, "नायतर हा जावई हायच इथं."

पुढच्या कापणीला त्यांनी माझा दंड धरला आणि बांधावर नेऊन उभं करायला सांगितलं. वारा होता. समोर सगळं शेत वाकून डुलत होतं.

"कसं आलंय?" त्यांनी विचारलं.

"छान आलंय मामा. पिवळंधमक. कणसं पार वाकलीत."

भात खरंच तसं आलं होतं. मामांनी तोंड शेताकडे केलं. मग माझा दंड सोडून त्यांनी घराकडे वळून लेकीला हाक मारली.

"अगो, इकडं ये. भात कसं आलंय, तू सांग."