बिननावाच्या गोळ्या

जळगावला पाइपांच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. शेतात पाणी न्यायच्या नळ्या आमच्याकडे बनतात. कुठल्या दिवशी काढली, कुठल्या मशीनवर, किती दाब सोसेल, हे सगळं नळीच्या अंगावर छापलेलं असतं. छपाई पुसट आली तरी आम्ही माल बाजूला काढतो, आणि त्यावरून माझी नि सुपरवायझरची दर आठवड्याला जुंपते. केळीला पाणी जाणार त्या नळीबद्दल एवढा काटेकोरपणा. आणि माझी आई वर्षानुवर्षं ज्या गोळ्या गिळत होती, त्यांचं नाव तिला, माझ्या वडिलांना म्हणजे नानांना, मला, कुणालाच ठाऊक नव्हतं. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. कापूस वेचून आणि केळीच्या बागेत वाकून आईचे गुडघे कामातून गेले होते. बाजाराच्या दिवशी ती आणि नाना चोपड्याला जायचे, तिथे आमच्या डॉक्टरांचा दवाखाना. आमचे म्हणजे साऱ्या पंचक्रोशीचे. बाहेर बाकडी, मध्ये पडदा, पडद्यामागे फाटक्या रेक्झिनचं टेबल. कोपऱ्यात बेसिन होतं, पण त्याच्या नळाला पाणी आलेलं मी कधी पाहिलं नाही. एकाची जखम बघितलेला हात डॉक्टर रुमालाला पुसायचे आणि त्याच हाताने पुढच्याचा डोळा ताणून बघायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. माणूस मात्र मायाळू. आईला ते अक्का म्हणायचे, कापूस किती निघाला, नातवंडं कशी आहेत ते विचारायचे. गर्दी कितीही असो, म्हाताऱ्या माणसाला त्यांनी कधी ताटकळत ठेवलं नाही.

टेबलामागे फळीवर प्लास्टिकच्या बरण्या होत्या. सकाळी दवाखाना उघडला की कंपाउंडर पाकिटांतून गोळ्या सोडवायचा आणि या बरण्यांत भरायचा. पाकिटं कचऱ्यात. पेशंटच्या हाती पाकीट पडलं तर तो पुढच्या खेपेला सरळ मेडिकलवर जाईल, दवाखान्यात कशाला येईल? त्यामागे एवढा साधा हिशेब होता. मग वर्तमानपत्राच्या कागदात पांढरी एक, पिवळी एक, गुलाबी अर्धी अशा पुड्या बांधून मिळायच्या. आईचं दुखणं त्या गोळ्यांनी पळालं, हे खरं आहे. आदल्या महिन्यात भिंत धरून चालणारी बाई पुन्हा शेतात जायला लागली. मग कोण कशाला काय विचारतंय?

मी विचारलं होतं. कारखान्यातली सवय. "औषधाचं नाव काय गं?" म्हटलं तर ती हसली.

"माले बरं वाटस ना, मंग नाव कसाले जोयजे?"

डॉक्टरांना नाव विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, आणि संशय घेतला की औषध लागू पडत नाही, अशी तिची पक्की समजूत होती. तिचीच कशाला, त्या बाकड्यांवर बसलेल्या प्रत्येकाची.

पुढे तिचा चेहरा भरला. गाल वर आले, हनुवटीखाली मांस दिसायला लागलं. जन्मभर काटकुळी असलेली बाई गोलमटोल झाली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लेक जळगावले कमावस, मायनी तब्येत दख कशी सुधरनी!" आईला त्याचा केवढा आनंद. लग्नाकार्यात ती मुद्दाम पुढे बसायची. आमच्याकडे बाईचा चेहरा भरला की तिचं बरं चाललंय असं समजतात. ती सूज आहे हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते डॉक्टरही म्हणायचे, "अक्का, आता कशा छान दिसता!"

मग ती माझ्याकडे जळगावला राहायला आली. येताना पुड्या आणल्या होत्या, त्या संपल्या. गावी गेल्यावर घेईन म्हणाली. थोड्याच दिवसांत तिला उलट्या सुरू झाल्या, अंग गळून गेलं आणि एका सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. रिक्षात घालून मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. ब्लडप्रेशर सापडत नव्हतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आईचा चेहरा, दंडावरची पातळ झालेली कातडी, काळेनिळे डाग पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना कसल्या गोळ्या चालू होत्या?"

"पांढरी, पिवळी आणि अर्धी गुलाबी," मी म्हणाले. दुसरं माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

त्यांनी समजावलं, यात बहुधा स्टेरॉइड आहे. वर्षानुवर्षं घेतलं की शरीर स्वतः ते बनवायचं विसरतं, मग एकदम बंद केलं तर माणूस असा कोसळतो. शिवाय दुखण्याच्या गोळीने किडन्या बिघडल्यात. पण नेमकं कुठलं औषध, किती ताकदीचं, हे कळलं तर आम्हाला अंधारात चाचपडावं लागणार नाही. "त्या डॉक्टरांकडून फक्त नावं आणा," त्या म्हणाल्या. फोन लावला तर कंपाउंडरने "साहेब बिझी शेतस" म्हणून ठेवून दिला. मी पहिली बस पकडली.

चोपड्यात बाकडी भरलेली होती. डॉक्टरांनी मला लगेच आत घेतलं. आईचं ऐकून ते खरंच हळहळले. पण नावं मागितल्यावर चेहरा बदलला.

"साध्या गोळ्या होत्या, ताई. दुखण्याच्या."

"त्याच लिहून द्या."

"लिहून द्यायची आपल्याकडे पद्धत नाही."

माझा आवाज चढला. बाहेरचे लोक पडदा सारून बघायला लागले. एक म्हातारा मलाच म्हणाला, "पोरी, देवमाणूससंगे असं बोलस?" तेव्हा डॉक्टर उठले, फळीवरून पिवळ्या गोळ्यांची बरणी काढली आणि माझ्यासमोर झाकण उघडून ठेवली. आत दोन तऱ्हेच्या पिवळ्या गोळ्या होत्या. एक जरा गडद, दुसरीवर मधोमध रेघ.

"मागच्या खेपेला वेगळ्या कंपनीच्या आल्या, नाव-ताकद मी बघितली नाही, पाकिटं फेकली गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "उरलेल्यांत मिसळल्या गेल्या. अक्कांच्या पुडीत कुठल्या गेल्या, ते आता मलाही सांगता येणार नाही."

ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. लपवलेलं नाव भांडून काढून घेता आलं असतं. मी कागदात दोन्ही तऱ्हेच्या गोळ्या घेतल्या आणि परतीची बस धरली. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी त्या हातावर उलटसुलट करून पाहिल्या आणि नकारार्थी मान हलवली. उपचार अंदाजानेच झाले.

त्या वेळी आई वाचली. किडन्या मात्र गेल्या. मग डायलिसिस, हातावर सुयांचे फोड, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. चेहरा उतरत उतरत पूर्वीसारखा काटकुळा झाला. "तुन्हा दवाखानानी माले वाळाडी टाकं," ती मला म्हणायची. जाईपर्यंत तिचा राग त्या डायलिसिसवर आणि माझ्यावर होता. चोपड्याच्या डॉक्टरांबद्दल तिने एक वाकडा शब्द काढला नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

ती गेल्यावर गावी लोक दारावर बसायला येत होते. दहाव्याच्या आधी एका दुपारी डॉक्टरही आले. ओट्यावर बसलेले सगळे उठून उभे राहिले. नानांनी त्यांना खुर्ची दिली. डॉक्टरांचे डोळे भरून आले होते. "अक्का गेल्या, माझं घरचं माणूस गेलं," ते म्हणाले. मग शेजारची काकू पदर सावरत पुढे झाली आणि आलाच आहात तर कंबर बघा म्हणाली. तिच्यामागे आणखी एक जण. आईच्या दुखवट्याच्या सतरंजीवर बघता बघता रांग लागली.

सगळ्यांत शेवटी डॉक्टरांनी नानांचा हात हातात घेतला. रडून, जागून त्यांचे सांधे धरले होते. डॉक्टरांनी बॅगेतून एक पुडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"नाना, ती मला द्या," मी म्हणाले. "डॉक्टर, आधी नाव सांगा तिचं."

सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी बॅगेची चेन लावली. नानांनी मूठ मिटली.

"उगी ऱ्हाय," ते म्हणाले. "तुन्ही मायले बी त्यासनीच इतला दिन जगाडं."

त्यांनी पुडी उघडून तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. कुणी उठेना, तेव्हा मीच आत गेले आणि तांब्या भरून आणला.