रिकामं उत्तर

मी लिहिते ते एकच वाचक वाचतो, आणि तो माणूस नाही. साताऱ्यात घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी वापराच्या सूचना लिहिते. गेल्या वर्षी काम आलं ते एआय एजंटचं. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने फोन घेणारा, जुने कागद बघणारा, कंप्युटरमधला कारकून समजा. त्याला नोंदी शोधायचं एक टूल दिलेलं होतं. नाव द्यायचं, नोंद मिळते. ते कसं वापरायचं, हे मी त्याला लिहून समजवायचं. माणूस निदान कंटाळतो, फोन करून भांडतो. हा लिहिलेलं जसंच्या तसं खरं मानतो. मला त्याची पहिल्यापासून धास्ती वाटायची, आणि घरचे हसायचे.

त्या सकाळी मी एका वाक्यावर अडले होते: 'नोंद न सापडल्यास रिकामे उत्तर मिळते.' मिळतं खरं, पण त्यावरून कारकुनाने समजायचं काय? तेवढ्यात मामाचा फोन आला. आई माहेरी पलूसला गेली होती. काटा मोडून तिचा पाय पिकला, म्हणून मामाने तिला सांगलीला दवाखान्यात आणलं होतं. मामा फौजेतून निवृत्त झालेला. कुठे शिस्त दिसली की लगेच खूश.

"काळजी करू नगंस. लय भारी सिस्टीम हाय हितं. कागद न्हाई, काय न्हाई. आक्काचं नाव घातलं आन् मशीननं सांगितलं, कसलीबी ॲलर्जी न्हाई. आता इंजेक्शन देऊन पाय चिरनार हायती."

आणि फोन ठेवून दिला.

मी लहान असताना याच दवाखान्यात पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आई जाता जाता वाचली होती. तिचे सुजलेले ओठ, श्वासासाठी चाललेली तडफड, सगळं मी दारात उभी राहून पाहिलं होतं. मामा तेव्हा सरहद्दीवर. तिला आणलं होतं आजोबांनी, आणि घाबरलेल्या आजोबांनी नाव सांगितलं ते तोंडात बसलेलं, माहेरचं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. आडनावाबरोबर पहिलं नावही बदलतं. पलूसमध्ये मात्र ती अजून जुन्याच नावाची. ती नोंद त्या नावाखाली पडून असणार. शिस्तीच्या मामाने मशीनला दिलं असणार आधार कार्डावरचं, सासरचं नाव. त्याला काही सापडलं नाही, आणि त्याने बेधडक सांगून टाकलं, ॲलर्जी नाही. टूल आमचं की दुसऱ्या कुणाचं, देव जाणे. खोड तीच.

मामाचा फोन लागेना. दवाखान्याला लावला, तर उचलला गोड आवाजाच्या मशीनने. घाईत माझ्याही तोंडून आईचं माहेरचंच नाव गेलं.

"या नावाच्या रुग्ण आज दाखल नाहीत."

मी सासरचं नाव सांगितलं.

"दाखल आहेत. ॲलर्जीची नोंद नाही."

"अगं बाई, आहे! पेनिसिलिन! कुणातरी माणसाला बोलाव!"

"आपला निरोप नोंदवला आहे. धन्यवाद."

कुठल्या नावाखाली नोंदवला, हे विचारायच्या आत फोन बंद.

गाडी काढून सांगलीला निघाले असते तरी काय उपयोग होता? मी रडत होते, मामाला शिव्या घालत होते आणि पुन्हा पुन्हा त्याचाच नंबर लावत होते. शेवटी एकदाचा त्याने फोन उचलला.

"मामा, आवं इंजेक्शन थांबवा! आईला पेनिसिलिन चालत नाही!"

मामाने उलटून एक शब्द विचारला नाही. पळणाऱ्या बुटांचा आवाज आला आणि मग त्याचा परेडवरचा आवाज: "थांबा! हात मागं घ्या म्हन्तो!"

पुढे नुसता गलका. मी "मामा, मामा" करत राहिले.

"सुई भरली हुती, पोरी," तो धापा टाकत म्हणाला. "दिली न्हाई."

मी होते तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले.

संध्याकाळी आईशी बोलले. दुसरं औषध देऊन पाय चिरून झाला होता. एवढा वेळ दाबून ठेवलेली भीती मी तिच्यावरच काढली. "तुला कुणी विचारलं नाही का गं?"

"इचारलं की. नर्सबाईनं मलाच इचारलं, कुठलं औषध सोसत न्हाई का म्हनून."

"मग?"

"सांगनारच हुते. पन मशीनवर न्हाई म्हनून आलं हुतं. एवढं शिकलेलं मशीन. म्हनलं, माझंच कायतरी चुकत असंल."

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य पुरं केलं: 'रिकामे उत्तर म्हणजे नकार असे समजू नये. रुग्णाला स्वतः विचारावे.' कंपनीतल्या साहेबांनी छान म्हणून कळवलं. मशीन ते ऐकेल, विचारेलही, याची मला खात्री आहे. पण माझी धास्ती काही जात नाही. विचारल्यावर आई आधी मशीनच्या पडद्याकडे बघणार.