बाईंनी अडवलेलं विमान

तीन तारांपैकी दोन मी उलट्या जोडल्या आणि पंप उलटा फिरला. सील फुटलं, तेलाची धार थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. गावच्या शाळेत मी विज्ञानात पहिला यायचो, हे त्या क्षणी कुणाला सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

बाई धावत आल्या. आमच्या विमान कारखान्यात बाई म्हणजे एकच. विमानाच्या वीजपुरवठ्यात चौतीस वर्षं काढलेल्या, बारा दिवसांनी निवृत्त होणाऱ्या. मला ओरडल्या नाहीत. वीज वाटणाऱ्या डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "यानं वीज आत घेतलीच कशी?"

डबा त्यांचाच. उलटी जोडणी दिसली की वीज अडवायची, हे त्याचं काम.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा कारखान्यात बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. पलीकडच्या इमारतीत जावं लागे. वाटेत फिटरांची शेड होती; तिथं रोज पाच मिनिटं थांबून त्या तारा बसवायला शिकल्या. पुढची अकरा वर्षं एकाच प्रश्नात गेली: दोन्ही जनरेटर बंद पडले तर बॅटरीवर काय चालू ठेवायचं आणि काय तोडायचं. "प्रवाशांना गार चहा मिळाला तर शिव्या बसतील, बसू देत. पायलट आंधळा होता कामा नये." एवढी अक्कल, आणि घरची लाइट गेली की शेजारी मेणबत्ती मागायला जाणार, असं त्यांचे यजमान सांगायचे.

हे नवं विमान पहिलंच, ज्याची सगळी वीज बाईंनी आखलेली. पहिलं उड्डाण आठ दिवसांवर आलेलं. फक्त त्यांची सही बाकी होती.

संध्याकाळी उलगडा झाला. डबा जोडणी तपासायचा ती एकदाच, सुरू होताना. सकाळी तारा बरोबर होत्या. जेवणानंतर मीटर लावायला मी त्या काढल्या आणि चुकीच्या बसवल्या. डब्यानं सकाळच्या ओळखीवर वीज आत सोडली.

साहेब म्हणाले, "पोराची चूक लिहा, सही करा. आठ दिवसांनी विमान उडताना बघा आणि सुखानं घरी जा."

"पोराची चूक आहेच. पण उद्या विमानतळावर वीज जोडायला असाच एखादा दिवटा आला तर?"

दिवटा समोरच मान खाली घालून उभा होता.

"दुरुस्तीला तीन महिने लागतील, बाई. तुम्ही नसाल तेव्हा."

"विमान असेल ना?"

अहवालात त्यांनी लिहिलं: दोष आराखड्यात, आराखडा माझा. सही केली नाही. मग माझ्याकडे वळल्या. "माणूस कसा चुकतो ते कळल्याशिवाय डबा नीट सुधारत नाही. तेव्हा काय चाललं होतं?"

"उजेड कमी होता," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन नव्या ट्यूबलाइट लागल्या.

तीन महिन्यांनी विमान उडालं. सही दुसऱ्याची होती, आणि बाहेरच्यांना मैदानात प्रवेश नव्हता. बाई आता बाहेरच्या. मी फोन लावला.

"बाई, उडालं!"

"उतरलं का?"

"उतरलं."

"मग आता म्हण, उडालं."

मग हळूच म्हणाल्या, "आता मी काही तुझी साहेब नाही. उजेडाची थाप होती ना? खरं काय ते सांग, पुढच्या डब्याला उपयोगी पडेल."

"इथं फार आवाज आहे, बाई. नंतर करतो."

पंप उलटा फिरला त्या दुपारी मी दोन तारा हातात धरून फिटरसमोर बाईंच्या चालण्याची नक्कल करत होतो. तो फोन अजून केलेला नाही.