माझं लिव्हर नांदत होतं

बाबांच्या तेरवीच्या पंगतीत मी पाणी वाढत होते. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पाहुण्यांना सांगत होते, "पोरीनं आपलं लिव्हर देल्लं जी, पण त्याले मानवलंच नाई." पाहुण्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी मान खाली घालून पुढच्या पानाकडे सरकले. चारचौघांत मला बोलता येत नाही... तेव्हाही आलं नाही.

बाबा दारूला कधी शिवले नव्हते. जुन्या काविळीनं त्यांचं लिव्हर आतून वाळत गेलं. आईला साखरेचा आजार, म्हणून मी पुढे झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी इंग्रजीत समजावलं, की माझ्या लिव्हरचा एक भाग काढून बाबांना लावतील. माझं उरलेलं भरून येईल, बाबांच्या पोटातलंही वाढेल. पण शरीर त्याला परकं समजून त्याच्यावर उठतं. म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, ठरल्या वेळी, जन्मभर. घाटंजीला इंग्रजी शाळेत शिकलेल्या मी ते सगळं पुस्तकी मराठीत बाबांना सांगितलं. ते हसले. "म्हंजे लेक सासरी गेली म्हन ना! सासू खाष्ट हाये. तिले गोळी देऊन निजवा लागते, तवा लेक नांदते."

इतकं सोपं करून मला कोणी शिकवलं नव्हतं. ऑपरेशननंतर ते लग्नकार्याला गेले नाहीत, उकळलेलं पाणी प्यायले, सोयाबीन काढणीच्या धुळीत तोंडाचा मास्क काढला नाही. कोणी विचारलं की उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणायचे, "नांदून राह्यली, मस्त." मी गप्प बसलेली दिसले की, "तुहा तुकडा माह्यापाशी हाये, मले सगळं समजते. काहून रुसली?" कधी नव्हे ती मी त्या दिवसांत खूप बोलायचे.

मोठेबाबांच्या अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. गावात कोणाला ताप आला की तिचा काढा त्यांच्याकडून जातो, लोक हात जोडतात. एकदा त्यांनी विचारलं, या गोळ्या कशाच्या? मी सांगितलं. "प्रतिकारशक्ती कमी कराच्या? अवं, सारी दुनिया वाढवून राह्यली, अन् तुमी कमी करता! हेच शिकवलं काय इंग्रजी शाळेत?" मी स्पष्ट म्हटलं, "मोठेबाबा, बाबांना काढा चालत नाही." ते "बरं" म्हणाले. मग मी कॉलेजला गेले की स्टीलच्या गडव्यात काढा घेऊन येऊ लागले. पुढे संध्याकाळची गोळीही सोडायला लावली. थोरल्या भावाला नाही म्हणणं बाबांना जन्मात जमलं नव्हतं.

बाबांचे डोळे पिवळे झाले. नागपूरला डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "गोळ्या चुकल्या का? बाहेरचं काही दिलंत?" मोठेबाबा लगेच म्हणाले, "नाई जी, देवाशपथ." बाबांनी भावाला खोटं पाडलं नाही. डॉक्टर कारण शोधत राहिले, आणि तेवढा वेळ हातातून गेला... शेवटी बाबांनीच मला जवळ बोलावलं. "सासू जागी केली व माय आमी," म्हणाले. मग काढ्याचं, गोळीचं, सगळं सांगितलं. "पण दादाले बोलू नको. कबूल कर." मी कबूल केलं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. काढ्यानंच झालं, असं ते ठामपणे म्हणाले नाहीत. गोळी सोडल्यानं झालं, हे ठामपणे म्हणाले. आणि पहिल्याच दिवशी खरं कळलं असतं तर उपचार वेळेवर सुरू झाले असते, हेही म्हणाले.

दर रविवारी मोठेबाबा आमच्या ओसरीवर बसून पेपरची ही पुरवणी मोठ्यानं वाचतात. बाबा समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, बरगडीखाली हात ठेवून ऐकायचे. खुर्ची अजून तिथेच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. शेजारपाजारचे मात्र ऐकायला येतात, तेरवीला होते तेच.

मी दिलेला शब्द मोडलेला नाही, मोठेबाबा. बोलणार नाही, एवढंच कबूल केलं होतं. आता मध्येच घडी घालू नका. चष्मा पुसा, मोठ्यानं वाचा, त्या खुर्चीलाही ऐकू जाऊ द्या... माझं लिव्हर बाबांना मानवलं होतं. ते नांदत होतं.