अप्पांना न सांगितलेली बातमी

चंद्रप्रभाबाई तेरच्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्याच वर्षी शेजारच्या शांतलिंगअप्पांची नजर काचबिंदूनं पार गेली. किराणा दुकानात बसून अख्खा पेपर वाचून काढणारा माणूस तो. म्हणून दुपारचा चहा झाला की बाई त्यांच्या ओसरीवर जाऊन पेपर वाचून दाखवायच्या.

मध्यंतरी त्या लेकीकडं गेल्या होत्या. आल्यावर साठलेले पेपर घेऊन बसल्या. सोयाबीनचा भाव झाला, धरणातलं पाणी झालं. मग ओघात त्या वाचत गेल्या, "उमरगा येथील नागम्मा शिवप्पा यांचे वृद्धापकाळाने निधन. त्यांच्या पश्चात मुले, सुना आणि तेर येथील व्यापारी शांतलिंग हे भाऊ..."

बाईंनी पेपर खाली घेतला.

"परत वाचा," अप्पा म्हणाले.

त्यांनी परत वाचलं.

"कधीचा पेपर?"

"गेल्या आठवड्यातला."

अप्पांचा मुलगा रुद्रेश दारात येऊन उभा होता. खाली बघत म्हणाला, "अप्पा, तुमाला त्रास नको म्हणून बोललो न्हाय. दिसत न्हाय, तर तिथं नेऊन काय करायचं?"

"मला बघायला न्हवतं जायचं. अक्काला मूठभर माती द्यायची होती."

बाई उठल्या. घरी येऊन नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं, तर वसंतरावांनी नजर चुकवली. बाईंना शंका आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. रुद्रेशनं सांगू नका म्हटलं होतं."

बाईंना एकेक चेहरा आठवला. रोज अप्पांना रामराम घालणारी ही सगळी माणसं.

आपण गावाला असलो तरी अप्पांचा पेपर चुकू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी बातम्या वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करायला लागल्या. ते रेकॉर्डिंग अप्पांच्या फोनवर पाठवायच्या. मग धाराशिवच्या दोन मैत्रिणी वाचायला आल्या, आणि ओळखीतून ओळख निघत भूम, परंड्यापर्यंत दृष्टी नसलेली माणसं ते ऐकू लागली. रुद्रेश एकदा म्हणून गेला, "बाई, तेवढं मरणाचं वगळत जावा."

"मी काही वगळणार नाही," बाई म्हणाल्या.

अप्पांनी पहिले काही दिवस ते ऐकलंच नाही. मग एका सकाळी त्यांच्या ओसरीवरून बाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. रुद्रेशशी मात्र ते अजूनही कामापुरतंच बोलतात.

परवा भूमहून कोंडाबाईंचा फोन आला. त्यांना जन्मापासून दिसत नाही, वय साठीच्या पुढं.

"बाई, काल तुमी भूमच्या बाजाराचं वाचलं. पेपरात आमच्या भूमचं बी असतंय व्हय?"

"असतं की. रोज असतं."

"मला वाटायचं दिल्लीचंच असतंय. घरात रोज पेपर येतोय, कुणी बोललं न्हाय कधी."

बाईंनी आजचा पेपर ओढला. फोन कानाला तसाच धरून त्या खाली बसल्या आणि भूमची पहिली बातमी वाचू लागल्या.